एकच फुंकणी

वितळलेल्या काचेचा गोळा फुंकणीच्या टोकावर घेऊन बाप भट्टीपासून मागे सरला, तरी त्यानं लेकीला काही सांगितलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत सांगू, असं तो सकाळपासून मनाशी घोकत होता.

सांगायचं एवढंच होतं, की आपल्या फुंकणीला तोंड लावायचं नाही. त्याच्या पोटात जंतू सापडला होता, तोही जहाल जातीचा. असा जंतू एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात जाऊ शकतो, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. पोरीच्या मामाच्या पोटातही तोच निघाला. दोघांनी उभा जन्म एकाच फुंकणीवर काढला होता. पण मामाला साधी आंबट ढेकर ठाऊक नव्हती. गडी दगड खाऊन पचवेल. बापाच्या घराण्याचं तसं नव्हतं. या जंतूशी झुंजताना त्यांचं पोट स्वतःलाच जाळून घ्यायचं, आणि ते रक्तातूनच आलेलं. त्याचे वडील पोटाच्या कॅन्सरनं गेले, पाठोपाठ थोरला भाऊ. आता त्याच्याही पोटात गाठ निघाली होती. मुलीत कोणाकडचं रक्त उतरलंय ते तपासल्याशिवाय कळणार नाही, तोवर तिला जपा, असं बाईंनी बजावलं होतं.

लेक नुकतीच भट्टीवर यायला लागली होती. आज तरी फुंकू द्या, म्हणून तिनं सकाळपासून भुणभुण लावली होती.

बरणी मोठी होती. बापानं गाल फुगवले. काच अर्धी फुगली आणि त्याच्या पोटात अशी कळ उठली की डोळ्यांपुढे अंधारी आली. श्वास तुटला. बरणीची एक कड खाली बसायला लागली.

अशा वेळी जो जवळ असेल त्यानं फुंकणी घ्यायची, हे तिथं कोणाला शिकवावं लागत नाही. लेकीनं ती बापाच्या हातातून काढून घेतली आणि तोंडाला लावली.

"नको," तो म्हणाला. भट्टीच्या घरघरीत ते त्याचं त्यालाही ऐकू आलं नाही. फुंकणी हिसकावी, तर तापलेली काच पोरीच्या अंगावर आली असती. तो नुसता बघत राहिला. त्याला इतकी भीती कधीच वाटली नव्हती. काच हळूहळू उठली, गोल झाली.

मामा हातातलं काम टाकून धावत आला. बरणी शाबूत बघून त्यानं बापाच्या पाठीवर थाप मारली.

"दाजी, घाबरता कशाला? पोरगी अगदी तुमच्यावर गेलीय."