पोच

"आजही कानातलं घालूनच का?" खुर्चीत टेकता टेकता पोस्टमनकाकांनी विचारलं.

न्हावी आरशात बघून हसला. प्रश्न त्याच्यापर्यंत गेलाच नव्हता, पण गिऱ्हाईक हसून बोललं की आपणही हसायचं, एवढं त्याला बरोबर जमायचं. डाव्या कानात इअरबड होता आणि त्यात गडावरचा पहारेकरी ओरडत होता, "शत्रू आला, शत्रू आला."

आरशाखालच्या फळीवर, पावडरच्या डब्याला टेकवून मोबाइल उभा होता. त्यात गेममधला त्याचा गड. कधी डोळ्यांनी न पाहिलेले चाळीस जण त्याला 'सरदार' म्हणायचे. इकडे दुकानात खुर्च्या दोन आणि त्यातली एक महिनोन्महिने रिकामी. घरात नाही दाणा आणि हवालदार म्हणा, त्यातली गत! समोर नवं दुकान झालं म्हणून गिऱ्हाईक आटलं, असं तो स्वतःला सांगायचा. मागच्या आठवड्यात एकाचा एक कल्ला वर आणि एक खाली झाला होता, ते मात्र सांगायचा नाही.

त्यानं काकांच्या गळ्याभोवती कापड बांधलं, पाण्याचा फवारा मारला आणि कात्री सुरू केली. दोनदा केसांत, चारदा हवेत. ही धंद्यातली जुनी खोड. हात तालात राहतो आणि गिऱ्हाइकाला वाटतं, काम जोरात चाललंय.

"गुडघा परत कुरकुरतोय," काका म्हणाले.

"वा."

"वा काय, वा? बोलल्याची पोच तरी नीट देत जा रे."

"हं, हं."

काका गप्प झाले. एरवी हा माणूस गप्प बसणाऱ्यातला नव्हे. उभी हयात सायकलवरून पत्रं वाटण्यात गेलेली, दारोदारच्या गोष्टी पोतडीत साठलेल्या. ते गप्प झाल्याचं न्हाव्याच्या लक्षात आलं आणि, सांगायला लाज वाटते, त्याला बरंच वाटलं. गडाचा मागचा दरवाजा पडायला आला होता.

केस झाले. त्यानं ब्रशनं मान झटकली, हातआरसा उचलून काकांच्या डोक्यामागे धरला. "बघा काका, मागून ठीक?"

काकांनी मान वर केलीच नाही. "राहू दे. मागून बघणारी गेली."

हे मात्र उजव्या कानातून सरळ आत शिरलं. हातआरसा होता तिथेच राहिला.

"काकू? कधी?"

"महिना झाला. मागच्या वेळी याच खुर्चीत बसून सांगितलं की तुला. तू म्हणालास, 'अरे वा, झकास!'"

न्हाव्याला तो दिवस आठवला. गड जिंकल्याचा दिवस. चाळीसच्या चाळीस जणांनी त्याला शाबासकी दिली होती. त्या दिवशीचा काकांचा चेहरा मात्र काही केल्या आठवेना. त्याचे कान तापले.

"काका, मी..."

"मुलानं सगळ्यांना मेसेज टाकला. तोंडानं मी फक्त तुला सांगितलं होतं." काका स्वतःच कापडाची गाठ चाचपायला लागले. "जन्मभर लोकांच्या बातम्या पोचवल्या. घरची एक काही पोचेना बघ."

गाठ त्यांना सापडत नव्हती. ती सुटली की हा माणूस उठेल, पायरी उतरेल आणि पुन्हा या दारात यायचा नाही, हे न्हाव्याला लख्ख कळलं. मग उरलं कोण? चाळीस सैनिक आणि दोन रिकाम्या खुर्च्या. तो घाबरला.

"बसा काका. मागं थोडं राहिलंय."

मागं काही राहिलं नव्हतं. त्यानं कानातला इअरबड उपटला आणि वस्तऱ्याच्या पाण्यात टाकला. मोबाइलवर एकामागून एक ओळी उमटत होत्या. सरदार, कुठे आहात? सरदार, गड चालला! बोटं तिकडे वळलीच. मेली सवय सुखासुखी सुटते होय? त्यानं डोळे मिटून मोबाइल पालथा केला आणि हात रिकामा राहायला नको म्हणून पुन्हा कंगवा धरला. मग काकांच्या मानेमागे कात्री चालवायला लागला.

"सांगा," तो म्हणाला.

काका बराच वेळ आरशात त्याच्या उघड्या कानाकडे बघत राहिले. कात्री वाजत होती आणि खाली एकही केस पडत नव्हता.

"आधी ती कात्री थांबव," ते म्हणाले. "त्या आवाजात ऐकू यायचं नाही तुला."

कात्री थांबली. रस्त्यावरून कुणी तरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"त्या सकाळी तिनं आतून हाक मारली होती," काका म्हणाले.

"हं."

"मला ऐकूच आली नाही रे."