जास्तीची पळी

एका पत्रावर शाळेला पाच संगणक आणि दुसाने बाईंना कायमची नोकरी मिळणार होती, म्हणून त्यांनी पोरक्या मुलींच्या शाळांना मदत करणाऱ्या जर्मनीच्या संस्थेला बेधडक कळवलं, ‘आमची विद्यार्थिनी वैजंता पोरकी आहे.’ पोरीलाही तसंच पढवलं.

संस्थेची गोरी पाहुणी आली. तिला चहा पाजून वाटेला लावायचा बेत होता. पण ती नेमकी मुलांच्या पंगतीत बसली, आणि खिचडी वाढायला वैजंताची आई! तिनं सवयीनं लेकीला एक पळी जास्त वाढली. पाहुणीनं ते हेरलं.

“या तुझ्या कोण गं?” तिच्या दुभाष्यानं वैजंताला विचारलं.

वैजंतानं दुसाने बाईंकडे पाहिलं, मग आईकडे.

“कुणी नाही. खिचडीवाल्या मावशी.”

संगणक आले, बाई कायम झाल्या. दुसऱ्या दिवशी आईनं वैजंताला सगळ्यांएवढीच खिचडी वाढली.