थंड टायर

"आणि पालकांनो, काळजीचं काही कारणच नाही!" भोंग्यातून काकांचा आवाज मैदानभर घुमला. "आपल्या क्लबची चॅम्पियन, म्हणजे माझी पुतणी, हिने हे नवे टायर स्वतः चालवून बघितलेत. ती म्हणते, टायर उत्तम आहे!"

टाळ्या पडल्या. ती आपल्या कार्टजवळ, त्या जमिनीला टेकलेल्या बुटक्या रेसिंग गाडीजवळ, उकिडवी बसून चाकं आवळत होती. तिने हातातला पाना आपटला आणि क्लबच्या इमारतीचा लोखंडी जिना धाडधाड चढून गेली.

"काका, मी एवढंच म्हणाले होते का?"

काकांनी माइकचं बटण बंद केलं. क्लबचे सचिव तेच, आणि तिला पहिल्यांदा कार्टमध्ये बसवणारेही तेच. "हळू बोल. टायर कंपनीचे साहेब खाली बसलेत."

"बसू देत. टायर उत्तम आहे, पण तापेपर्यंत साबणासारखा घसरतो, असं म्हणाले होते मी. जुना मऊ होता, एका फेरीत तापायचा. हा कडक आहे, याला तीन लागतात. तीन फेऱ्या मारून घेतल्याशिवाय लहान मुलांची शर्यत सोडू नका, हेही म्हणाले होते. ते कुठे गिळलंत?"

"अगं, आधीच उशीर झालाय. प्रत्येक गटाला जादा फेऱ्या देत बसलो तर बक्षीस समारंभ काय अंधारात करू? आणि मुलं ती. ती कुठे एवढी जोरात चालवतात?"

"पहिल्या वळणावर सगळी एकदम घुसतात, काका. एक घसरला की मागचे त्याच्यावर चढणार. आणि त्यांचे आईबाप माझ्या नावावर निर्धास्त बसलेत! द्या तो माइक."

काकांनी माइक छातीशी धरला. "लोक काय म्हणतील, कळतंय का? जुन्या टायरवर जिंकत आली, आता हरायची भीती वाटते."

लोकांना म्हणायला वेळ लागला नाही. मुलाची पाण्याची बाटली घेऊन एक वडील दारात उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"ताई, राहू द्या ना," ते म्हणाले. "शर्यतीआधी टायर तापवायला एक फेरी नेहमीच असते, तेवढी पुरते. पोरं कधीची उन्हात बसलीत. नाचता येईना अंगण वाकडं, असं नका करू."

काकांना तोडून बोलावं तर आपलेच दात आणि आपलेच ओठ. आणि या माणसाला काय बोलणार, त्याचंच पोर खाली गाडीत बसलं होतं. संतापाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आलं म्हणून ती आणखीच चिडली. आली तशी ती जिना उतरली.

मुलांची ती एकुलती एक फेरी तेव्हाच सुरू होत होती. तिने हेल्मेट चढवलं, कार्ट सुरू केली आणि कोणी अडवायच्या आत मैदानात घुसून मुलांच्या पुढे जाऊन लागली. तिच्याही गाडीला नवेच टायर होते.

नियम साधा आहे. शर्यतीची झेंडी पडेपर्यंत सगळ्यात पुढच्या गाडीला कोणी ओलांडायचं नाही. मोठी माणसं असले नियम खुशाल धाब्यावर बसवतात, मुलं बिचारी पाळतात. ती टायर तापवायला डावी-उजवीकडे वळणं घेत निघाली, तशी मागून सगळी बारकी मंडळीही डुलत निघाली. फेरी संपली, पण ती थांबली नाही. झेंडीवाला झेंडी धरून बघतच राहिला.

दुसरी फेरी संपताना काकाच रेषेवर उभे होते. एका हातात काळा झेंडा, दुसऱ्यात तिच्या नंबरची पाटी. काळा झेंडा म्हणजे निमूट बाहेर यायचं. नाही आलं तर वर्षभर शर्यत बंद. यंदाचं विजेतेपद तिच्या हातात आल्यातच जमा होतं. तिने झेंडा नीट बघितला, आणि काकांच्या समोरून तिसऱ्या फेरीला निघून गेली.

ती फेरी संपली तशी ती वाटेतून बाजूला झाली. झेंडी पडली. मुलं सुटली, पहिल्या वळणावर चाकाला चाक लावून सगळी एकदम घुसली, आणि सगळी पलीकडून बाहेर आली. एकही गाडी घसरली नाही.

काका धापा टाकत तिच्यापाशी आले. "बघितलंस? झालं का काही? एक तरी पोरगं घसरलं का? उगाच चारचौघांत माझं नाक कापलंस! स्वतःचं वर्ष घालवलंस ते वेगळंच!"

ते अगदी मनापासून बोलत होते. त्यांना खरोखरच काही कळलं नव्हतं. याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.

तिने त्यांचं उजवं मनगट पकडलं, खाली ओढलं आणि तळवा आपल्या कार्टच्या टायरवर दाबून धरला. काका कळवळले. त्यांनी हात ओढून बघितला, तिने लगेच सोडला नाही. सोडला तेव्हा तळवा लालकाळा झाला होता.

तेवढ्यात कंपनीचे साहेब हसत हसत आले. "अभिनंदन, सचिवसाहेब! बघितलीत आमच्या टायरची पकड?" म्हणत त्यांनी हात पुढे केला.

काकांनी पुतणीकडे एकदा बघितलं. मग उजवा हात पाठीमागे नेला आणि डावा पुढे केला.