फ्रीव्हीलमधले ग्रीस

सायकलचे पेडल फिरत होते, मागचे चाक मात्र जागचे हलत नव्हते. सूनबाईला दवाखान्यात ड्यूटीवर जायचे होते. मी हबवरचे फ्रीव्हील उघडले, तर आत ग्रीस ठासून भरलेले.

"कोणत्या दीडशहाण्याने हे दिवे लावले? इथे पातळ तेल घालतात. ग्रीसनं आतल्या खिट्ट्या चिकटतात, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. कोपऱ्यावरच्या त्या मिस्त्रीकडे नेलीस ना?"

"नाही, बाबा." तिने कपाटातली सायकलची नोंदवही काढून माझ्यापुढे धरली. "मागच्या रविवारी. अक्षर तुमचं, सहीही तुमचीच."

आणि ती पायीच निघाली.

मी नोंद दोनदा वाचली. मग शिरस्त्याप्रमाणे तिच्याखाली तांबड्या शाईने शेरा लिहिला: "संबंधितास कडक समज देण्यात यावी."