नववी संशयित

प्रयोगशाळेतल्या नऊ जणांनी मिळून खुनाची कादंबरी लिहायला घेतली. प्रत्येकाने एक प्रकरण लिहायचं, त्यात स्वतःसारखंच एक पात्र आणायचं आणि आधीच्यांच्या एकाही ओळीला हात लावायचा नाही. झालं! साहेबांपासून शिपायापर्यंत प्रत्येकाने आपापल्या प्रकरणात स्वतःला निर्दोष ठरवून घेतलं आणि शेवटचं प्रकरण सर्वांत नव्या मुलीच्या गळ्यात पडलं. तिला नोकरीत कायम करायचं की नाही, हे साहेब त्याच आठवड्यात ठरवणार होते.

“साहेब, खुनी व्हायला आता मी एकटीच उरलेय हो!”

“अगं, गोष्टच आहे ती. पण विष कुठलं, किती, कसं, सगळं नीट लिही हं. लोकांनी आपल्याला हसता कामा नये.”

सुटायला वाट नव्हती. मग तिने जीव ओतून लिहिलं. विषाची मात्रा मिलिग्रॅमपर्यंत मोजून दिली आणि ते कुठल्याच तपासणीत का सापडणार नाही, हेही पटवून दिलं.

वाचून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी तिची पाठ थोपटली.

मग दुसरा हात पुढे करून तिच्याकडून रसायनांच्या कपाटाची किल्ली मागून घेतली.