डोळ्यांवरचा रुमाल

“दृष्टिहीन विद्यार्थ्यांना आता कुणावरही अवलंबून राहावं लागणार नाही,” डॉ. आगलावे म्हणाले आणि परिषदेचं सभागृह टाळ्यांनी दुमदुमलं. त्यांच्या ॲपवर विद्यापीठाची सगळी पुस्तकं ऐकता येणार होती.

पुढच्याच रांगेत मुलाणी मॅडम बसल्या होत्या. त्या जन्मांध होत्या आणि सोलापूरला महाविद्यालयात इतिहास शिकवायच्या. “सर, मी वापरून बघू?” असं म्हणत त्यांनी ॲप उघडलं. बोट फिरेल तिथलं फोननं वाचून दाखवायचं होतं. संयोजकांनी कौतुकानं फोनपुढे माइक धरला.

“बटण,” फोन म्हणाला. “बटण. बटण. बटण.”

कुठलं बटण कशाचं, ते काही तो सांगेना. सभागृहात खसखस पिकली. चाचणी आगलावे सरांनी डोळस मुलांच्याच डोळ्यांवर रुमाल बांधून उरकली होती. त्या मुलांना बटणांच्या जागा पाठ होत्या. अंध मुलाला मात्र एकदाही विचारलं नव्हतं.

“इथं नेटवर्क नसेल,” मुलाणी मॅडमच म्हणाल्या.

“हो, हो, नेटवर्कच!” सरांनी घाईघाईनं री ओढली.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मॅडमना गाठलं. “नेटवर्कचा काही दोष नव्हता. तुम्ही मला सांभाळून घेतलंत.”

“तुम्हाला नाही, सर. हसं झालं म्हणून तुम्ही ॲपच गुंडाळलं असतं, तर माझ्या अंध विद्यार्थ्यांनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं?”

मॅडमना दिसणार नव्हतं, तरी सरांनी मान खाली घातली.