सम आकडे संयुक्ताचे

डोळ्यांसमोर आणा बरं. चेन्नईतल्या परंगीमलै टेकडीच्या दगडी पायऱ्या. सकाळचे सात वाजलेत, तरी ऊन मानेला चटका देतंय. दहा वर्षांची संयुक्ता पाठीवर पिशवी घेऊन चढते आहे. "अडुसष्ट," ती मोठ्याने म्हणते. पुढचा आकडा शेजारी चालणाऱ्या बाबांचा. आणि बाबा गप्प आहेत.

"एकोणसत्तर," बाबा म्हणाले. पण उशिरा.

वर, वळणापलीकडे, वसंताअक्का कान देऊन उभी होती. मे महिन्यात ती बारा जणांना उत्तराखंडात नेणार होती. चार दिवसांचा ट्रेक, अगदी नवशिक्यांचा. तिसऱ्या दिवशी पहाटे तंबूचं दार उघडलं की समोर बर्फाच्या शिखरांची रांगच्या रांग. त्या रांगेचा फोटो संयुक्ताने कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. इतका सोपा ट्रेक, तर परीक्षा कशाला, असं बाबांनी विचारलं, तेव्हा अक्का हसली होती. तुम्ही चेन्नईची माणसं, म्हणाली, तुमची सगळ्यात उंच चढण म्हणजे फ्लायओव्हर.

तिची रीत साधी होती. जोडीने चार वेळा चढायचं आणि पायऱ्या मोठ्याने मोजायच्या. विषम आकडे एकाचे, सम दुसऱ्याचे. ज्याला चढताना बोलता येतं, त्याचा दम शाबूत.

"मोजणी तुटली की मी धावत खाली येईन," तिने बजावलं होतं. "आणि ती जोडी या वर्षी घरी."

ही चौथी फेरी होती. शेवटची.

बाबांचं 'एक्क्याऐंशी' नुसतं हवेसारखं आलं. 'त्र्याऐंशी' आलंच नाही. कठड्याला धरून ते पायरीवर बसले. संयुक्ताने क्षणभर वर पाहिलं, मग बाबांसारखा जाड आवाज काढून म्हणाली, "त्र्याऐंशी." घरी ती अशी त्यांची नक्कल करायची आणि आईची हसून हसून पुरेवाट व्हायची. बाबाही आता हसल्यासारखे झाले.

"पित्ताचं आहे गं," ते हळूच म्हणाले. "तू म्हणत राहा. दोन मिनिटांत उठतो."

ती म्हणत राहिली. चौऱ्याऐंशी बारीक आवाजात, पंचाऐंशी जाड आवाजात. वरून अक्काची हाक आली, शाब्बास मधुसूदन सर, आवाज आता कुठे खणखणीत निघतोय. तिला तो बाबांचाच आवाज वाटला होता.

दोन मिनिटं होऊन गेली. बाबा उठले नाहीत. घाम सगळ्यांनाच येत होता, पण बाबांचा चेहरा राखेसारखा झाला होता. उजव्या हाताने ते डावा खांदा दाबत होते. अक्काला बोलवू का, असं तिने खुणेनेच विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"फोटो आठव," ते पुटपुटले.

तिने आठवला. कोपऱ्यातलं ते सगळ्यात उंच शिखर, त्याच्यावर पडलेलं गुलाबी ऊन. त्र्याण्णव. चौऱ्याण्णव. आकडे लवकर संपू नयेत म्हणून ती एकेक सावकाश म्हणू लागली. पंच्याण्णव. शहाण्णव. तिने बाबांच्या बोटांना हात लावला. एवढ्या उन्हात ती बर्फासारखी गार होती.

डोक्यावरून एक विमान घोंघावत मीनंबाक्कम विमानतळाकडे उतरलं. संयुक्ता थांबली. आवाज पूर्ण विरेपर्यंत थांबली. टेकडी शांत झाली. आता वळणापलीकडे अगदी बारीकसारीकही ऐकू जाणार होतं.

"सत्त्याण्णव," ती जाड आवाजात म्हणाली.

पुढचा आकडा सम होता. तिचा स्वतःचा. वर अक्का त्याची वाट पाहत होती.

संयुक्ताने बाबांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि ओठ घट्ट मिटून घेतले.